आकडा आणि दोर

मोरवेळच्या किनाऱ्याला आज मासळी लागणार की नाही हे सकाळी सहा वाजता मोबाइलवर कळायला लागलं, आणि त्याच हंगामात आमच्या गावात भांडणं सुरू झाली. यंत्र चुकलं म्हणून झाली असती तर एक वेळ समजून घेतलं असतं. यंत्र चुकायचं नाही, हीच तर अडचण होती.

मी दुर्वा मेथर. तालुक्याच्या गावी किनारा संशोधन आणि विस्तार केंद्र आहे, त्याची मी मोरवेळमधली कार्यकर्ती. शास्त्रज्ञांचं म्हणणं गावाला समजेल अशा भाषेत सांगायचं आणि गावाचं म्हणणं शास्त्रज्ञांना सोसेल अशा भाषेत सांगायचं, हे माझं काम. दुसरं जास्त अवघड. माझे वडील, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, ते रापण संघाचे अध्यक्ष. त्यामुळे दिवसभर गावाशी भांडून घरी आलं, तरी अध्यक्षांशी भांडण शिल्लक असायचंच.

रापण म्हणजे काय ते बाहेरच्यांसाठी सांगते. एक लांबलचक जाळं होडीतून समुद्रात अर्धगोल सोडायचं, त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि दोन्ही बाजूंना माणसं लावून ते सगळं वाळूवर ओढून काढायचं. इंजिन नाही, डिझेल नाही. माणसं मात्र पुष्कळ लागतात. म्हणून आमच्याकडे नियम आहे : जाळ्याच्या मधली पिशवी, जिच्यात मासळी साठते, ती वाळूला टेकायच्या आत ज्याचा हात दोराला लागला, त्याला मासळीत वाटा. हात कुणाचा, त्यात जोर किती, हे विचारायचं नाही.

हा नियम सगळ्यात जास्त कामाला यायचा तो गुलाबकाकीच्या. काकीचा नवरा फार वर्षांपूर्वी वादळात गेला. मूलबाळ नाही. रापणीचं जाळं घरोघरच्या तुकड्यांनी जोडलेलं असतं; त्यात त्यांच्या घरचाही तुकडा होता, तोही कुजून गेला. राहिला काकीचा हात. ती दोराच्या अगदी शेवटाला बसायची आणि ओढून आलेला दोर गोल गुंडाळत राहायची. "गुलाब दोर ओढणा नाय, दोराक सोबत करता," असं आबा चिडवायचे. पण तिच्या वाट्याची मासळी तिच्या टोपलीत पहिली पडायची, आणि ती टाकायचे आबाच. अर्धी ती वाडीत विकायची, अर्धी रांधायची. तिचं घर त्यावर चालायचं.

एकदा सलग काही दिवस जाळं रिकामं आलं, तेव्हा मी तिला आमच्या घरचं तिखलं, म्हणजे बाजारच्या मासळीचं कालवण, नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली ती आमसुलांनी भरून. पुन्हा नेलं, पुन्हा आमसुलं. शेवटी आई म्हणाली, "आता पुरे कर गो, वर्साची सोलां झाली घरात." काकीला कुणाचं फुकट नको होतं. दोराचं मात्र ती फुकट मानत नव्हती.

रिकामे दिवस वाढत चालले होते हे मात्र खरं. समुद्राचं पाणी तापलंय, बांगड्याचं वेळापत्रक बिघडलंय. तारली कधी महिनाभर आधी येते, कधी फिरकतच नाही. रोज सकाळी पन्नास-साठ माणसांनी कमरेएवढ्या पाण्यात उतरायचं आणि शेवाळ घेऊन घरी जायचं, याला तरुण पोरं कंटाळली. त्यात माझा धाकटा भाऊ मिहीर सगळ्यात पुढे. तो बर्फाचा टेम्पो चालवतो. मासळी कधी येणार ते माहीत नसलं की बर्फ एक तर पाणी होऊन जातो, नाही तर ऐन वेळी मिळत नाही.

म्हणून केंद्राच्या डॉ. नबिला मुकादम यांनी आमच्या समुद्रात तीन पिवळे तरंगते बोये आणून सोडले. आकार बघून गावानं त्यांचं नाव घागर ठेवलं. मुकादम मॅडम स्वतः दाभोळकडच्या मच्छीमार घरातल्या, त्यामुळे त्या भाषण करत नाहीत. जाळी ठेवायच्या मांगरात त्या उलट्या घातलेल्या टोपलीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मासा पोहताना स्वतःचं काही ना काही पाण्यात सोडत जातो. अंगाचा बुळबुळीतपणा, खवल्याचा कण, शी."

शी म्हटल्यावर मागच्या पोरांनाही ऐकू यायला लागलं.

"त्या प्रत्येक कणात त्या माशाचा डीएनए असतो. घागर पाणी ओढते, गाळते आणि तो वाचते. बांगड्याचा वेगळा, तारलीचा वेगळा. आता मला सांगा, घरात बांगडा भाजल्यावर तासाभरानं कोणी आलं तर त्याला कळतं का?"

"काय भाजलात ता कळता," आबा म्हणाले, "आणि कवा भाजलात ता पण कळता."

"तेच. ताज्या डीएनएचे तुकडे लांब असतात. ऊन, मीठ आणि जंतू मिळून ते कापत जातात. तुकडे जेवढे आखूड, तेवढा मासा जाऊन जास्त वेळ झाला. तीन ठिकाणचं पाणी वाचलं आणि भरती-ओहोटीचा हिशोब जोडला, की झुंड किती मोठी, कुठून कुठे चाललीय आणि आज आपल्या किनाऱ्याला लागणार का, ते सांगता येतं."

पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, तिच्याकडे त्या दिवशी कुणी फारसं लक्ष दिलं नाही. डीएनए लहानपणापासून म्हातारपणापर्यंत तोच राहतो, पण त्यातली कोणती जनुकं कामाला लागलीत ते वयाप्रमाणे बदलतं आणि ते आरएनए सांगतो. त्यामुळे आलेली मासळी मोठी की पिल्लं, हेही घागरीला कळणार होतं.

पहिला महिना नुसती चैन होती. सकाळी सहाला सगळ्यांच्या मोबाइलवर अंदाज यायचा, किती क्रेट मासळी. गाव त्याला आकडा म्हणायला लागलं. शून्य असला की पांघरूण डोक्यावरून, मोठा असला की धावत किनारा. दोनदा पिल्लांची झुंड आली, आम्ही जाळं टाकलं नाही आणि मुकादम मॅडमनी फोन करून सगळ्यांना शाबासकी दिली.

मग गंमत संपली. आकडा काय फक्त मोरवेळला वाचता येत होता? बाजारातले दुकानदार, कणकवलीहून मोटरसायकलवर येणारे कुणाचे कुणाचे मेहुणे, बँकेतला कारकून, सगळ्यांना त्याच दिवशी रापणीचं प्रेम दाटून यायला लागलं. नियम तर नियम, हात लागला की वाटा. दोर कमी पडायला लागला, हात जास्त झाले. शून्याच्या दिवशी मात्र किनाऱ्यावर कुत्रं नसायचं. फक्त गुलाबकाकी येऊन आपल्या जागी बसायची, कारण तिच्याकडे मोबाइल नव्हता. उन्हं वर आली की उठून घरी जायची.

पौषात एके दिवशी मोठा आकडा आला. किनाऱ्यावर जत्रा. काकी आपल्या जागेवर बसायला गेली, तर तिथे तीन अनोळखी पुरुष दोराचं शेपूट धरून उभे. ती बाजूनं शिरायला गेली. कुणाचं तरी कोपर लागलं आणि ती वाळूत बसली ती बसलीच. मी धावले तोवर पिशवी वाळूला टेकली होती. काकीचा हात दोराला लागला नव्हता. आबांनी तरी तिच्या टोपलीत मासळी टाकली. तिनं ती टोपली वाळूवर ठेवली आणि घरी निघून गेली. मला त्या तीन माणसांचा असा राग आला की वाटलं, त्यांच्या मोटरसायकली समुद्रात लोटाव्यात.

त्या आठवड्यात मांगरात सभा बसली. मिहीर उभा राहिला. "आबा, दोर ओढूक माणसा व्हयी, दोराक हात लावूक नको. जो कमरभर पाण्यात उतरात, तेकाच वाटो. तसो ठराव करा."

"आणि गुलाब?" आबांनी विचारलं.

"काकीक आमी देव की. तिका उपाशी कोण ठेवता?"

काकी मागे जाळ्यातला कचरा वेचत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मी मागूक इलंय नाय."

म्हाताऱ्या मंडळींचं म्हणणं वेगळंच. "ती घागरच काढून टाका. घागर नव्हती तेव्हा भांडण नव्हता."

सगळे मुकादम मॅडमकडे बघायला लागले. त्या म्हणाल्या, "काढायची असेल तर काढू. समुद्र तुमचा आहे, मी पाहुणी. पण दोनदा पिल्लं आली आणि तुम्ही ती सोडलीत. घागर काढली तर पुढच्या वेळी ते कळणार नाही, एवढं ध्यानात घेऊन काढा."

मग आबा म्हणाले, "आकडो एकाकच कळू दे. बाकीच्यांनी पूर्वीसारखा रोज येवचा आणि ओढूचा."

"एकाक म्हणजे कोणाक?" कुणीतरी विचारलं.

"दुर्वाक. पगार केंद्राचो घेता आणि जेवता माझ्या घरात. दोनय बाजून बांधलेला चेडू आसा."

सगळे हसले, मी सोडून. ठरलं ते असं : आकडा फक्त माझ्या मोबाइलवर येणार. मी दोनच शब्द बोलायचे, 'टाका' किंवा 'नको'. 'नको' फक्त पिल्लं असतील किंवा वारा वाईट असेल तेव्हा. एरवी आकडा मोठा असो की शून्य, 'टाका'.

"म्हणजे शून्य आसलो तरी सगळ्यांका ओढूक लावूचा?" मी विचारलं.

"आदी कोण सांगी होता शून्य आसा म्हणान?" आबा म्हणाले. "ओढीच होते मा सगळे?"

शिमग्यापर्यंत बघायचं ठरलं. जमलं तर ठीक, नाही तर मिहीरचा ठराव. म्हणजे शिमग्यापर्यंत काकीची दोरावरची जागा माझ्या तोंडावर अवलंबून होती, आणि माझं तोंड काय लायकीचं आहे ते मला लहानपणापासून ठाऊक होतं.

सुरुवात झकास झाली. बाहेरच्यांचं प्रेम तीन-चार रिकाम्या जाळ्यांत आटलं. गावातली माणसं रोज यायला लागली, कारण न येऊन चालणार नव्हतं. काकी आपल्या जागी बसली. दोर पुन्हा दोरासारखा दिसायला लागला.

घरात मात्र मी चोर झाले. मी चहा भरभर पिते की सावकाश, भाकरी एक खाते की दोन, यावर आईची नजर. मिहीर तर रोज मागे लागायचा.

"आकडो नको सांगू. बर्फ सांगू काय नको, इतक्याच सांग."

"नाय."

"मेल्या बर्फाचा पाणी होता गो. नुसती मान हलव."

मी मान हलवली नाही. त्याचं चुकत नव्हतं हे मला कळत होतं, आणि म्हणूनच जास्त वाईट वाटायचं. एकदा आयत्या वेळी बर्फ न मिळाल्यानं चांगला बांगडा डोळ्यांसमोर मऊ पडला. त्यानंतर तो माझ्याशी बोलेनासा झाला. मी उत्तरेच्या दोरावर असले की तो दक्षिणेच्या दोरावर.

शून्याच्या दिवशी ओढणं हे काय प्रकरण असतं ते मी कुणाला सांगू शकले नाही. सकाळचा वारा ओल्या अंगाला झोंबणारा. शेजारचे धापा टाकत म्हणतायत, आज जड लागतोय दोर, आज काहीतरी आहे. आणि मला माहीत आहे की काही नाही. तरी पाय रोवून त्यांच्याइतकाच जोर लावायचा, कारण मी ढिली पडले तर त्यांना कळेल. मला कित्येकदा ओरडून सांगावंसं वाटलं, सोडा, घरी जा.

आणि मग माघ सरताना मोटरसायकली परत दिसायला लागल्या. बरोबर मासळीच्या दिवशीच. शून्याला एकही नाही. मी घाबरले. मोबाइल कुणी फोडला की काय म्हणून केंद्रात फोन केला. मुकादम मॅडमनी सगळं तपासून सांगितलं, यंत्रातून काही फुटलेलं नाही.

कुठून फुटलं ते मिहीरनं सांगितलं. तो बोलला तोही कुत्सितपणे, टेम्पोचं दार पुसता पुसता.

"तूच सांगतंस सगळ्यांका."

"मी? कवा?"

"तोंडान नाय सांगणस. ज्या दिवशी काकीक हाताक धरून घेवन येतंस, त्या दिवशी मासळी. ज्या दिवशी तिच्या घरावरसून गपचूप येतंस, त्या दिवशी शून्य." त्यानं मोबाइल पुढे केला. कणकवलीवाल्यांचा व्हॉट्सअॅप गट होता, बर्फाच्या कुणा गिऱ्हाइकानं त्यालाही त्यात घेतलेलं. त्यात दर मासळीच्या दिवशी दोनच शब्द : 'काकी इली.'

खरंच होतं. आकडा मोठा असला की माझे पाय आपोआप काकीच्या दाराशी वळायचे. तिचा वाटा चुकायला नको, म्हणून. शून्य असला की वाटायचं, कशाला उठवा, गुडघे दुखतात तिचे, झोपू दे. ती आलीच तर आपली आपण, उशिरा. तिची माया मला आली, आणि त्याच मायेनं मी तिची जागा घालवत होते. मला रडूच फुटलं. मिहीर दार पुसायचा थांबला.

मी ठरवलं, आता रोज बोलवायचं. शून्याला तर नक्कीच.

दुसऱ्याच दिवशी आकडा आला तो शून्य. मी काकीच्या घरी गेले तर ती पडवीत घोंगडी घेऊन पडलेली, अंग तापानं फणफणलेलं.

"उठतंय," ती म्हणाली आणि उठता उठता परत आडवी झाली.

"पडून रव, काकी." मी तिला पेज करून दिली, गोळी दिली आणि किनाऱ्यावर आले. होडी तयार होती. गाव जमलं होतं. वरच्या रस्त्यावर पाच-सहा मोटरसायकली इंजिन चालू ठेवून उभ्या.

"काकी खय?" कुणीतरी विचारलं, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"टाका," मी म्हटलं.

होडी जाळं सोडून आली. पण माणसं दोराला हात लावेनात. आपसात कुजबुज. दोघंतिघं पायातली वाळू झटकून चपला घालायला लागले. आज काकी नाही, आज काही नाही. आणि ते अगदी बरोबर होतं! आज ते घरी गेले असते, तर आठ दिवसांवरच्या शिमग्याला मिहीरचा ठराव मंजूर झाला असता. तापानं फणफणलेल्या म्हातारीला ओढून आणणं मला शक्य नव्हतं, आणि तिला झोपू देणं म्हणजे आकडा सांगणं.

मी मांगरात गेले. कोपऱ्यात जुन्या काथ्याच्या दोराची वेटोळी पडली होती. एक उचललं, आमच्या दोराच्या शेपटाला गाठ मारली आणि ते सोडत सोडत वाळूवरून, माडांमधून, काकीच्या कुंपणातून चालत निघाले. दोर तिच्या पायरीपाशी संपला. आणखी दोन हात असता तर बरं झालं असतं. मी काकीची चटईच पायरीकडे ओढली आणि टोक तिच्या हातात दिलं.

"आज दोर हयसरच हाडलंय. पडूनच धर."

तिनं माझ्याकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं आणि मूठ मिटली.

परत आले तेव्हा मोटरसायकली स्टँडवर लागल्या होत्या आणि माणसं पाण्यात धावत होती. काकीच्या घरापर्यंत दोर नेला, म्हणजे केवढी मासळी असेल! आबांनी एक शब्द विचारला नाही. "धरा," एवढंच म्हणाले. इतका जोर त्या हंगामात कुणी लावला नव्हता.

पिशवी वाळूला टेकली. शेवाळ, दोन फुगलेले केंड मासे, एक प्लास्टिकची बाटली आणि चार-पाच कुर्ल्या.

कणकवलीवाल्यांनी आधी मला, मग समुद्राला आणि शेवटी गटात निरोप टाकणाऱ्याला शिव्या दिल्या. आमची माणसं ओल्या कपड्यांत उभी राहून जाळ्याकडे बघत होती. मिहीर दक्षिणेच्या दोरावरून चालत माझ्यापर्यंत आला. मला वाटलं, आता भांडणार. तो फिस्सकन हसला.

"फशिवलंस गो सगळ्यांका," तो म्हणाला आणि खाली बसून दोर गुंडाळायला लागला, काकीच्या जागी.

आबांनी एक कुर्ली उचलून वाटीत टाकली. "गुलाबचो वाटो. नेवन दी."

काकी उठून बसली होती. ताप थोडा उतरला असावा. दोराचं टोक अजून मुठीत होतं, कारण पिशवी टेकल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"काय गावला नाय, काकी," मी म्हटलं.

"माका म्हायत होता."

"कसा?"

"तू दोर घेवन इलंस तेव्हाच. मासळी आसली काय माणूस मासळी हाडून देता. नुसतो दोर कोण हाडता?"

मी वाटी तिच्यापुढे ठेवली. तिनं वाटीत डोकावून कुर्ली पाहिली, तिची नांगी जरा उचलून बघितली.

"म्हणान गप धरून रवलंय," ती म्हणाली. "आता एक कर. मासळी आसात त्या दिवशीय दोरच हाड. वाटी नको. माझ्याकडची सोलां संपली."

शिमग्याच्या सभेत मिहीरनं ठराव मागे घेतला असं नाही. तो म्हणाला, पुढच्या हंगामात बघू, आणि खाली बसला. मुकादम मॅडमनी काकीच्या पडवीच्या आतपर्यंत पोचेल एवढा नवा दोर मंजूर करून घेतला. केंद्राच्या कागदावर त्याचं नाव 'संशोधन साहित्य' आहे. मोटरसायकली दिसेनाशा झाल्या. काकी बरी झाली, पण वाळूपर्यंत चालणं तिला आता झेपत नाही, म्हणून दोर रोज तिच्याकडे जातो.

आज सकाळीही सहाला आकडा आला. किती होता ते मी सांगणार नाही. मोबाइल खिशात टाकला, दोराचं वेटोळं खांद्यावर घेतलं आणि काकीच्या घराकडे चालायला लागले.